व्ही-मॉडेलमध्ये कोड नसताना टेस्टर नक्की काय टेस्ट करतो?

कृष्णाकाठची_बीसीए:
नमस्कार मंडळी, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा पेपर जवळ आलाय आणि त्यानंतर लगेच कॅम्पसला कंपनी येतीये. आमच्या नोट्समध्ये सगळीकडे एकच वाक्य, वॉटरफॉलमध्ये (एक टप्पा संपला की पुढचा) टेस्टिंग शेवटी आणि व्ही-मॉडेलमध्ये (डावीकडे रिक्वायरमेंट-डिझाइन, तळाशी कोड, उजवीकडे टेस्टिंग) सुरुवातीपासून. बरं, पाठ केलं. पण कोडिंग तर व्हीच्या अगदी खालच्या टोकाला आहे ना? म्हणजे त्याच्या आधी चालवून बघायला काहीच नाही, मग टेस्टर तेवढे दिवस करतो काय? मैत्रीण म्हणते नुसती डॉक्युमेंटं बनवतात, टाइमपास. सरांना विचारलं तर म्हणाले आकृती नीट काढ, आकृतीला मार्क आहेत.

दुसरं म्हणजे ब्लॅक बॉक्स, व्हाइट बॉक्स, बाउंड्री व्हॅल्यू हे कुठल्या मॉडेलमध्ये बसतं? ब्लॅक बॉक्स वॉटरफॉलचं आणि व्हाइट बॉक्स अजाईलचं (थोडं थोडं करून देण्याची पद्धत) असं काही असतं का? बेसिक प्रश्न आहेत, हसू नका प्लीज.

खडूस_टेस्टर:
हसण्यासारखं काही नाही, नोकरीला लागून पाच-सात वर्षं झालेल्यांनाही हे नीट सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न आधी उडवतो. एसडीएलसी मॉडेल (सॉफ्टवेअर बनवण्याच्या टप्प्यांची रचना) सांगतं कुठलं काम कधी आणि कशाच्या आधारावर करायचं. ब्लॅक बॉक्स (कोड न बघता), व्हाइट बॉक्स (कोड बघून), बाउंड्री व्हॅल्यू (मर्यादेवरचे आकडे घेऊन) हे सांगतात टेस्ट केस शोधायची कशी. दोन्हीचा एकमेकांशी संसार नाही, कुठलीही पद्धत कुठल्याही मॉडेलमध्ये वापर.

आता पहिला. एसटीचं तिकीट मशीन घे. समजा सवलतीचं सॉफ्टवेअर करायचंय आणि हातात एवढीच रिक्वायरमेंट (काय हवं त्याची मागणी) आहे: ५ वर्षांच्या आत मोफत, ५ ते १२ अर्धं तिकीट, महिलांना ५० टक्के सवलत, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना ५० टक्के, ७५ च्या वर मोफत. (सवलती खऱ्याच आहेत, ७५ वरच्यांचा मोफत प्रवास २०२२ पासून आणि महिलांचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, मी फक्त एका ओळीत कोंबलंय.) कोडची एक ओळ लिहिलेली नाही. आता वही घे आणि बाउंड्रीवरच्या टेस्ट केस लिहायला लाग. ६४, ६५, ६६ झालं. ७४ झालं. आणि ७५? "६५ ते ७५" मध्ये ७५ येतात का? ज्या आजोबांना पंचाहत्तर पूर्ण होऊन चार महिने झालेत ते "७५ च्या वर" धरायचे की अजून ७५ मध्येच? एक्सपेक्टेड रिझल्टच्या रकान्यात तुला ५० लिहायचंय किंवा १००, तिसरं काही लिहिता येत नाही, आणि पेन तिथंच अडतं.

पुढं चल. ६८ वर्षांच्या आजी, महिला म्हणून ५० आणि ज्येष्ठ म्हणून ५०, मग बेरीज करून फुकट का? नाही हे कंडक्टरला माहितीये, पण मशीनला कोण सांगणार? ११ वर्षांची मुलगी, अर्ध्याचं परत अर्धं? कोल्हापूर-पणजी गाडी घेतलीस तर सवलत राज्याच्या हद्दीपुरती, म्हणजे एकाच तिकिटात दोन हिशोब. मूळ भाडं विषम आकड्यात असेल तर अर्धा रुपया वर ढकलायचा की खाली? याचं डिसिजन टेबल (अटींच्या सगळ्या जोड्या आणि प्रत्येकीखाली उत्तर) मांड, वयाचे ५ गट (मधला पूर्ण तिकिटाचा धरून), गुणिले स्त्री-पुरुष २, गुणिले हद्दीच्या आत-बाहेर २, झाले २० कॉलम. त्यातल्या ज्या ज्या कॉलमखाली तुला उत्तर लिहिता येत नाही तो रिक्वायरमेंटमधला बग, आणि तो कोड नसताना सापडला. ही यादी ॲनालिस्टच्या टेबलावर जाते, तो क्लायंटला विचारतो, वाक्य बदलून येतं. हेच ते काम. तुझी मैत्रीण त्याला टाइमपास म्हणत असेल तर तिला एकदा हे २० कॉलम भरायला दे.

आकृतीत डावीकडून उजवीकडे ज्या आडव्या रेघा असतात त्या याच: रिक्वायरमेंटवरून ॲक्सेप्टन्स टेस्ट (गिऱ्हाइकाला हवं ते झालं का), सिस्टिमच्या स्पेसिफिकेशनवरून सिस्टिम टेस्ट (सगळं मिळून), आर्किटेक्चरवरून इंटिग्रेशन (भाग जोडून), डिटेल डिझाइनवरून युनिट (एकेक तुकडा). टेस्ट लिहिल्या जातात डावीकडे, चालवल्या जातात उजवीकडे. बऱ्याच जणांच्या वहीत या रेघा नुसत्या तुटक काढलेल्या असतात आणि त्या कशासाठी ते कोणी सांगत नाही.

रविवारचा_कोडर:
वॉटरफॉलला सगळे शिव्या घालतात म्हणून त्याच्या बाजूने थोडं. विन्स्टन रॉइसचा १९७० चा पेपर आहे, अवकाशयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर करणारा माणूस. त्याने ती एकाखाली एक डब्यांची आकृती काढली आणि लगेच खाली लिहिलं की हे असंच्या असं केलं तर धोक्याचं आहे, अपयश ओढवून घेणारं आहे. कारण काय दिलंय ते बघा, टायमिंग, स्टोरेज, इनपुट-आउटपुट या गोष्टी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा अनुभवाला येतात त्या टेस्टिंगमध्ये, तोपर्यंत सगळा नुसता कागदावरचा अंदाज, आणि टेस्टिंग तर सगळ्यात शेवटी. मग तिथं गडबड निघाली की डिझाइनच काय, रिक्वायरमेंटपर्यंत मागं जावं लागतं. त्याचा उपाय होता की आधी एक छोटी आवृत्ती पूर्ण करून बघा आणि गिऱ्हाइकाला द्यायची ती दुसरी. पुढं लोकांनी आकृती उचलली आणि खालचा मजकूर सोडून दिला. पेपरात हे एका ओळीत लिहिलंस तर तपासणाऱ्याला बरं वाटेल, नाहीतरी तेच ते दीडशे वेळा वाचून तो कंटाळलेला असतो.

स्टिअरिंग_आणि_ब्रेक:
मी पुण्यात गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर आहे, आमच्याकडे व्ही-मॉडेल जिवंत आहे, म्युझियममध्ये गेलेलं नाही. आयएसओ २६२६२ नावाचं गाड्यांच्या सुरक्षिततेचं स्टँडर्ड पाळायचं तर प्रत्येक रिक्वायरमेंटला नंबर आणि त्या नंबरसमोर कुठली टेस्ट आहे हे दाखवावं लागतं, ऑडिटर बोट ठेवून विचारतो. त्यामुळे वर खडूस म्हणतात ते बरोबर, पण एक पुस्ती जोडतो, नाहीतर पोरीला वाटेल व्ही-मॉडेल घेतलं की संकट टळलं. डाव्या बाजूला जे लिहिलंच नाही त्याची टेस्ट उजव्या बाजूला कुठून उगवणार?

एरियान ५ या युरोपच्या रॉकेटचं उदाहरण बघ. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू, नव्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण आणि मुख्य इंजिन पेटल्यावर साधारण ३७ सेकंदांत दिशा भरकटून तुकडे. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून जसंच्या तसं आणलेलं, तिथं ते व्यवस्थित चालत होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या इंटिजरमध्ये बसवायचे. १६ बिट साइन्डमध्ये (अधिक-उणे दोन्ही आकडे धरणारा) जास्तीत जास्त ३२७६७ मावतात, आणि एरियान ५ सुरुवातीलाच जास्त आडवा वेग घेतं, आकडा मावला नाही. एरर आली, यंत्रणा बंद. बॅकअपला दुसरी यंत्रणा होती पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, ती आधीच त्याच कारणाने पडलेली. मजा म्हणजे तो हिशोब उड्डाणानंतर लागतच नव्हता. रॉकेटवरचे क्लस्टर मोहिमेचे ४ उपग्रह गेले.

चौकशी समितीने जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: एरियान ५ चा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये घातलाच नव्हता. म्हणजे बाउंड्री व्हॅल्यू येणारा टेस्टर असता तरी कुठली बाउंड्री घेणार, जुनीच ना? नवा मार्ग सिम्युलेशनमध्ये घालून ती यंत्रणा चालवून बघितली असती तर हे जमिनीवरच सापडलं असतं. कॅम्पसमध्ये "रीयूज केलेल्या कोडला परत टेस्टिंग का" असं विचारलं तर हे सांग.

स्प्रिंट_संपला_का:
सगळ्यांनी व्ही व्ही केलंय म्हणून अजाईलची बाजू मांडतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटाला १७ जण जमले आणि अजाईलचा जाहीरनामा लिहिला, ते इतिहास म्हणून ठेव. कामाच्या जागी फरक एवढाच की खडूस यांचे ते २० कॉलम एकदम भरायचे नाहीत, या दोन आठवड्यांत (याला स्प्रिंट म्हणतात) फक्त ज्येष्ठांची सवलत घ्यायची, तेवढ्याचे प्रश्न, तेवढ्याचा कोड, तेवढ्याच टेस्ट. ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम झालं कधी म्हणायचं त्या अटी) स्टोरी (कामाचा छोटा तुकडा) उचलायच्या आधी लिहितात, टीडीडीवाले (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) तर युनिट टेस्ट कोडच्या आधी लिहितात, ती नापास होताना बघतात आणि मग कोड. म्हणजे टेस्ट आधी हा विचार इथंही आहेच, कोणाची मक्तेदारी नाही.

पण पुढच्या स्प्रिंटला महिलांची सवलत घातली की आधीची ज्येष्ठांची मोडली नाही ना हे परत बघावं लागतं, तिसऱ्याला मुलांची, परत पहिल्या दोन्ही. रिग्रेशन (जुनं परत तपासणं) दर दोन आठवड्यांनी वाढतच जातं, हाताने करत बसलात तर आठव्या-नवव्या स्प्रिंटला टेस्टर फक्त जुनंच तपासतोय, म्हणून अजाईलमध्ये ऑटोमेशन ही हौस नाही. आणि एक आतली गोष्ट, पुष्कळ ठिकाणी अजाईल म्हणजे पहिले आठ दिवस कोडिंग, नवव्या दिवशी संध्याकाळी टेस्टरच्या हातात बिल्ड आणि दहाव्या दिवशी डेमो. तो दोन आठवड्यांचा वॉटरफॉलच झाला, बोर्डावर रंगीत चिठ्ठ्या लावल्या म्हणून बदलत नाही. इंटरव्ह्यूत विचार बिनधास्त, "टेस्टर स्टोरीच्या चर्चेला बसतो का?" उत्तरावरून कंपनी कळते.

कृष्णाकाठची_बीसीए:
बापरे, थँक्यू सगळ्यांना, एसटीचं उदाहरण उत्तरात घालणारच. एकच अजून, व्हाइट बॉक्सचं. १०० टक्के स्टेटमेंट कव्हरेज (कोडची प्रत्येक ओळ एकदा तरी चालली) आलं म्हणजे कोड पूर्ण तपासला असं आमच्या पुस्तकात आहे, ते बरोबर का?

स्टिअरिंग_आणि_ब्रेक:
नाही. तुझ्याच एसटीवर बघ, लिंग आणि मुलं बाजूला ठेव, ज्येष्ठ ७५ पूर्ण झाले की मोफत असं ठरलंय धर. कोड असा:

सवलत = ०
जर वय >= ६५ तर सवलत = ५०
जर वय > ७५ तर सवलत = १००

वय ८० टाक. तिन्ही ओळी चालल्या, स्टेटमेंट कव्हरेज १००, एकाच टेस्टमध्ये. पण "जर" खोटं ठरलं तर काय होतं ते एकदाही बघितलं नाहीस. म्हणून ब्रँच कव्हरेज, ८० सोबत ४० घे, दोन्ही अटी खऱ्याही झाल्या आणि खोट्याही, ब्रँचही १००. तरी दुसऱ्या अटीत >= च्या जागी > पडलाय तो सुटलाच, तो फक्त ७५ टाकल्यावर सापडेल आणि ७५ तुला ब्लॅक बॉक्सने दिला, कव्हरेजने नाही. आमच्याकडे सर्वात कडक पातळीला याच्याही पुढचं एमसीडीसी मोजतात, अटीत "आणि", "किंवा" असेल तर प्रत्येक तुकड्याने एकट्याने निकाल फिरवला हे दाखवायचं. तुला आत्ता तेवढं खोल नको.

पेपरात पाथ (कोडमधून जाण्याच्या वाटा) किती विचारलं तर कागदावर ४ दिसतात, पण ६५ पेक्षा कमी आणि ७५ पेक्षा जास्त असं वय नसतं, तो पाथ अशक्य, राहिले ३. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीही (स्वतंत्र वाटांचं माप) ३ च येते, दोन अटी अधिक एक, पण इथं दोन्ही आकडे जुळले हा योगायोग आहे, कारण वेगवेगळं लिही.