‘नोकरकपात’ लिहिले आणि मामांनी लाल रेघ मारली

फोंडेकर
मंडळी, तीन दिवस एका वाक्यावर अडकलोय. आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतो आहे. विषय ब्रिटनचा. गरीब देशांना मदत देणारे त्यांचे वेगळे खाते १९९७ साली झाले, २०२० मध्ये ते परराष्ट्र खात्यात विलीन केले, आणि आता त्या एकत्र खात्यातली माणसे कमी करणे चालू आहे. कॉमन्स सभागृहाची आंतरराष्ट्रीय विकास समिती वरच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून याबद्दल प्रश्न विचारते. (गंमत बघा, खाते गेले आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी समिती राहिली!)

मी लिहिले, ‘मदत खात्यातील नोकरकपातीची संसदीय छाननी’. मुद्रिते आमचे मामा तपासतात. निवृत्त मुख्याध्यापक, खिशात अजून लाल पेन. म्हणाले, मदत खाते म्हणजे समाजकल्याण का? नोकर म्हणजे घरगडी का? आणि छाननी अर्जांची करतात, माणसांची नव्हे. ‘संसदीय’ तेवढे वाचले. काय लिहू?

आबोली
मामांचे नका मनावर घेऊ. ‘छाननी’ चालते. निवडणूक आली की रोज पेपरात असते.

वाळपयकर
चालते म्हणून बरोबर होत नाही, आबोलीताई. छानणे हे हिंदीतून आलेले. आमच्याकडे चाळतात, पाखडतात, निवडतात. आजी ओसरीवर सूप घेऊन बसायची. दोन झटके वर, एक आडवा. कोंडा पुढच्या कडेवरून उडायचा, खडा मागे सरकायचा आणि कण्या मधे राहायच्या. तीन वेगळ्या वस्तू तीन जागी! इतका नेमका शब्द घरात असताना छाननी कशाला? ‘संसदीय पाखडणी’ लिहा.

पुणेरी पाहुणा
‘पाखडणी’ वाचून लोक पाककृतीचे पान समजतील. छानणे जुन्या मराठीतही आहे, उगाच हिंदीच्या गळ्यात घालू नका. बाकी ‘खाते’ मात्र खटकले. विभाग म्हणा.

आबोली
आमच्याकडे वीज गेली की वीज खात्याला फोन करतात. विभाग कपड्यांच्या दुकानात असतो, साड्यांचा.

करमळकर
मी सरकारी कचेरीत तीस वर्षे काढली, म्हणून दोन शब्द. छाननीला माझी हरकत वेगळी आहे. छाननी झाली की काहीतरी बाद होते. उमेदवारी अर्ज बाद होतो, निविदा बाद होते. या समितीच्या हातात बाद करणे नाही. ती विचारते, ऐकते, अहवाल देते, आणि सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावे असा तिथला प्रघात आहे. उत्तर म्हणजे बहुतेक वेळा ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली’. तेव्हा छाननी म्हणून तिला नसलेले दात लावू नका.

‘चौकशी’ तर मुळीच नको. आमच्या गोव्यात कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, स्थानकावर चौकशी म्हणजे खिडकी, पण कचेरीत ‘चौकशी लागली’ म्हणजे बिचाऱ्याच्या घरी चूल पेटत नाही. आपल्याकडे लोकलेखा समिती आणि अंदाज समिती सचिवांची साक्ष घेतात. शब्द तयार आहे, तोच उचला.

पुणेरी पाहुणा
अंदाज समिती! जिचे नाव अंदाज, तिच्यावर भरवसा कोण ठेवणार?

करमळकर
तुमच्याच विधिमंडळातला शब्द आहे तो, पाहुणे.

फोंडेकर
करमळकरबाब, साक्ष आवडला. पण नोकरकपातीचे काय? मामा तिथेच जास्त भडकलेत.

डिचोलीचो
कपात पगारातून होते. पाण्यात होते, विजेत होते. माणसांत कशी होईल? २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये लीज रद्द होऊन परत थांबल्या. आमच्या वाड्यावर एकाच्याही तोंडी कपात नव्हती. ‘बसवलो’ म्हणायचे. ट्रकही बसला, चालकही बसला. रस्त्याकडेला ओळीने उभ्या ट्रकांच्या टायरांत गवत वाढलेले मी पाहिले आहे. माझा थोरला भाऊ सकाळी सातला डबा भरून घेऊन तिथे जायचा, केबिनमध्ये बसून खायचा आणि परत यायचा. त्याला कोणी काढले नव्हते. कागदावर तो कामावरच होता. त्याला तुमचा कुठला शब्द लावणार?

सावंतवाडीची सून
दादा, वाचून गलबलले. मी माहेरी असताना अनुदानित शाळेत शिकवायचे. पट घसरला, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवताना, एक पद उडाले, आणि मी ‘अतिरिक्त’ ठरले. मग समायोजन, म्हणजे घरापासून बेचाळीस किलोमीटर. इंग्रजीत ज्याला रिडंडन्सी म्हणतात ना, त्याला मराठीत हा तयार शब्द आहे. वाईट आहे, पण खरा आहे. अतिरिक्त दूध असते, अतिरिक्त पाऊस असतो, आणि एके दिवशी हजेरीपटावर अतिरिक्त तुम्ही असता.

पुणेरी पाहुणा
मग अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांचे काय? तेही समायोजनाची वाट बघत बसलेत का?

सावंतवाडीची सून
हीच तर मेख. अधिकाऱ्याला लागला की मानाचा, मास्तरला लागला की घरी जायचा.

शुद्धमती
एवढी चर्चा झाली, पण मूळ दोषाकडे कोणाचेच लक्ष नाही. ‘मदत’ अरबी, ‘नोकर’ फारसी. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करणाऱ्यांचे कष्ट फुकट गेले म्हणायचे. सरळ लिहा, ‘साहाय्य विभागातील सेवकसंख्यासंकोच’. आणि कृपया साहाय्य, सहाय्य नव्हे. ‘सहाय’पासून ‘साहाय्य’ होतो, पहिल्या अक्षराला काना हवाच. सरकारी फलकांवरचे ‘अर्थसहाय्य’ वाचून डोके दुखते.

आबोली
सेवकसंख्यासंकोच एका दमात म्हणून दाखवा, मी तुम्हाला खाजे देते.

वाळपयकर
पुराच्या वेळी लोक मदतीला धावतात. साहाय्याला धावलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

शुद्धमती
‘महापौर’लाही असेच हसले होते. आज मेयर कोण म्हणतो?

दर्याकाठ
नोकर फारसीतून आला हे खरे, पण फारसीत तो मंगोलांकडून आला. तिकडे नोकर म्हणजे सरदाराचा साथीदार, त्याच्या बरोबरीने घोड्यावर बसणारा. घरगडी तो नंतर झाला. आणि मराठीत इंग्रजांच्या काळच्या आयसीएसवाल्यांना काय म्हणायचे? सनदी नोकर! जिल्हा हलवणारी माणसे. ‘सनदी अधिकारी’ अलीकडचा. मामांना सांगा, घरगडी त्यांच्या डोक्यात आहे, शब्दात नाही.

करमळकर
सनदी नोकर, वा! विसरलोच होतो. आमच्या घरात पोर्तुगीज काळापासून आजोबांना ‘एंप्रेगाद’ म्हणत. त्याचा रुबाब नोकरात नाही आणि कर्मचाऱ्यातही नाही. कर्मचारी म्हटले की मला मस्टरवरची सही दिसते.

डिचोलीचो
आणि आमच्या कोकणीत मदत नाही, ‘मजत’. मदतीपेक्षा मऊ लागते कानाला.

शुद्धमती
तो अपभ्रंश आहे.

डिचोलीचो
ती भाषा आहे, बाय.

आबोली
हे बघा, राजभाषेचा वाद इथे नको. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून तो चालूच आहे, आपण नाही मिटवणार.

दर्याकाठ
डिचोलीचो यांच्या पहिल्या मुद्द्यावर कोणी बोललेच नाही. कपात पैशाची, हे पटले. ब्रिटनने २०१५ साली कायदा केला की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीला द्यायचे. २०२१ मध्ये ते ०.५ वर आणले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले की २०२७ पर्यंत ०.३. ही झाली कपात. आकडा होता, तो कापला. माणसे जातात ती या कापाकापीच्या पाठोपाठ, पण तो दुसरा व्यवहार. दोन्हींना एकच शब्द लावला की वाचकाला वाटते, आकडाच तर होता. अमेरिकेत तर परदेशांना मदत देणारी १९६१ ची यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये बंदच केली. तिथे कपात म्हणणे म्हणजे झाड तोडून फांद्या छाटल्या म्हणण्यासारखे. तिथे ‘गाशा गुंडाळला’च हवा.

पुणेरी पाहुणा
गाशा म्हणजे घोड्यावरचे आच्छादन ना? म्हणजे फिरून मंगोलांच्या घोड्यावर आलो.

दर्याकाठ
यावर वेगळा धागा काढू या का? माझ्याकडे गाशा, खोगीर आणि रिकीब यांची टिपणे आहेत.

आबोली
काढा काढा. ‘खोगीरभरती’ही घ्या त्यात, कपातीच्या नेमका उलट शब्द!

फोंडेकर
अहो, थांबा जरा. पान उद्या दुपारी जायचे आहे. काल रात्री असे केले, ‘परदेशांना मदत देणाऱ्या खात्यातून माणसे कमी केल्याबद्दल संसदेच्या समितीने अधिकाऱ्यांची साक्ष घेतली’. लांबले, पण मला वाचता येते. मामांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचले, आणि ‘कमी’खाली रेघ मारून समासात लिहिले, ‘कोणापेक्षा?’

सावंतवाडीची सून
मामांना इथेच बोलवा हो.

शुद्धमती
‘मदत’ तसाच ठेवलात?

वाळपयकर
माझ्या पाखडणीवर पुण्याचे तेवढे बोलले. बाकीच्यांचे काय?