मदत हवी आहे: दवाखान्यात रात्री जागणाऱ्या मैत्रिणीला कोणती फॅनफिक द्यावी?

निळीशाई

नमस्कार मंडळी. माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचे वडील बरेच दिवस आजारी आहेत आणि रात्री त्यांच्याजवळ दवाखान्यात तीच थांबते. फोन केला तर बोलायचं त्राण नसतं, आणि "कशी आहेस?" या प्रश्नाचा तिला वीट आलाय. परवा मात्र तिचाच मेसेज आला: "काहीतरी वाचायला पाठव. लांबलचक नको, रडवणारं नको. आणि नवीन माणसांची ओळख करून घ्यायची ताकद नाहीये."

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि डोक्यात आलं, फॅनफिक! म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. पात्रं ओळखीची, घर ओळखीचं, कोण काय बोलणार तेही ठाऊक. बाई शेरलॉक होम्सच्या निस्सीम भक्त आहेत. मूळच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांची पारायणं झालीत. मालिका-बिलिका तिला चालत नाहीत. फॅनफिकच्या वाटेला मात्र ती कधी गेलेली नाही.

अडचण माझ्या बाजूने आहे. मी वर्षानुवर्षं वाचतेय, पण माझे बुकमार्क उघडले की नुसता अँगस्ट, म्हणजे जीव पिळवटणारं दुःख. दीड-दोन लाख शब्दांचे ठोकळे, त्यात कुणीतरी कुणासाठी झुरतंय, नाहीतर मरतंय. सगळ्यात लाडकी फिक तर होम्स धबधब्यात गेला असं समजून काढलेल्या तीन वर्षांतल्या त्याच्या एकट्या मित्राची, वॉटसनची आहे. अप्रतिम आहे, पण सध्या तिच्या हातात देण्यासारखी मुळीच नाही.

तर मन हलकं करणारं नेमकं शोधायचं कसं? टॅगवर, म्हणजे लेखक कथेला लावतो त्या चिठ्ठ्यांवर, कितपत विसंबायचं? हर्ट-कम्फर्ट (आधी कळ, मग फुंकर) द्यावं की निव्वळ फ्लफ (नुसतं गोडगोड)? दुवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे मला निवडायचं कसं ते सांगा. मोबाइलवरून टंकते आहे, शुद्धलेखन समजून घ्या.

अर्धचंद्र

आधी टॅगबद्दल, कारण खरी गफलत तिथेच होते.

एओथ्री या फॅनफिकच्या संकेतस्थळावर 'नो आर्काइव्ह वॉर्निंग्ज अप्लाय' दिसलं की लोक निर्धास्त होतात. होऊ नका. त्या ठरावीक वॉर्निंग चारच आहेत: अंगावर येणारी हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांबाबतचा लैंगिक मजकूर. समजा एखाद्या फिकमध्ये वॉटसनचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि तिसऱ्या प्रकरणात जातात. तरी वर हीच पाटी असू शकते, कारण ते मुख्य पात्र नाहीत. तुमच्या मैत्रिणीला नेमकं तेच टोचणार. आणि 'क्रिएटर चोज नॉट टू यूज' असं लिहिलेलं असेल तर लेखकाने काहीच सांगितलेलं नाही, आत काहीही निघू शकतं. ती पाटी दिसली की सरळ पुढे जा.

आता शोधायचं कसं. फॅन्डममध्ये (फिक कोणत्या मूळ कृतीवरची आहे तो रकाना) होम्सचे मूळ लेखक कॉनन डॉयल यांचं नाव असलेला टॅग घ्या, नाहीतर २०१० च्या 'शेरलॉक' मालिकेचा ढीग अंगावर येईल. मग फिल्टरमध्ये: रेटिंग जनरल, फक्त पूर्ण झालेल्या कथा, शब्दमर्यादा पाच हजारांच्या आत. एक्स्क्लूडमध्ये आजारपण, दवाखाना, शोक, आईवडिलांचा मृत्यू हे सगळं टाका. तिला शिपिंगचा (पात्रांच्या प्रेमाच्या जोड्या जुळवण्याचा) नाद नसेल तर 'जेन' निवडा, निखळ मैत्रीच्या कथा मिळतील. कुडोजप्रमाणे (वाचकांनी दिलेल्या शाबासकीप्रमाणे) क्रम लावलात तर वरच्या पानावर सहसा निराशा होत नाही.

पण लेखकाने जो टॅग लावलाच नाही तो फिल्टरला कुठून कळणार? म्हणून पाठवायच्या आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो: लेखकाची टीपही वाचा. कथा अगदी गोड, आणि खाली "बाबा गेले त्या आठवड्यात हे लिहिलं" अशी ओळ. लिहिणाऱ्याचा हक्कच आहे तो, पण तुमच्या मैत्रिणीला पहाटे ते वाचायला मिळायला नको.

हर्ट-कम्फर्टचं म्हणाल तर कळ कोणती आहे ते बघा. १९२४ सालच्या 'थ्री गॅरिडेब्ज'मध्ये वॉटसनला पायाला गोळी चाटून जाते आणि होम्सचा थंडपणा क्षणभर गळून पडतो. त्या एका प्रसंगावर चाहत्यांचं अख्खं फॅन्डम पोसलं गेलंय. त्यावरची छोटी फिक बेलाशक द्या, जखम खरवडण्याएवढी आणि फुंकर भरपूर. मात्र होम्स तापाने फणफणलाय आणि वॉटसन रात्रभर उशाशी बसलाय, हा प्रकारही चिक्कार आहे. तो नको. ती रोज तेच करतेय.

भटकीमांजर

अर्धचंद्र यांना अनुमोदन. माझ्याकडून एकच भर: २२१बी!

होम्सच्या २२१बी, बेकर स्ट्रीट या पत्त्यावरून आलेला होम्सवाल्यांचा हा खास आकृतिबंध आहे. कथा बरोब्बर २२१ शब्दांची आणि शेवटचा शब्द इंग्रजी 'बी' अक्षराने सुरू होणारा. वाचायला मिनिट-दीड मिनिट. नर्स आत यायच्या आधी संपते. लिहिणारे त्या शेवटच्या शब्दासाठी काय काय कसरती करतात! मधमाशी (बी), बेकर स्ट्रीट, ब्लॉगर, बॅरिट्सू (होम्सची झुंजविद्या), काहीही. तुमच्या मैत्रिणीसारखी पारायणं केलेली व्यक्ती दोन-चार कथांनंतर शेवटचा शब्द ओळखायचा खेळ आपोआप सुरू करते. याहून छोटं हवं असेल तर १०० शब्दांची ड्रॅबल आहेच, पण त्यात विनोदाला जागा कमी पडते असं माझं मत.

जुनापुराणा

इतकी पारायणं झाली असतील तर मूळ कथाच परत वाचायला द्या की. उसनी पात्रं घेऊन हौशी मंडळींनी लिहिलेलं कशाला?

भटकीमांजर

@जुनापुराणा, मूळ कथांत बहुतेकदा मुडदा तरी पडतो नाहीतर कुणीतरी नाडलं तरी जातं. इथे कुणीही न मरता होम्सच्या घरमालकिणीचा, मिसेस हडसनचा मोडलेला चहाचा कप कुणी फोडला याचा तपास हवाय. असं लिहिलेलं फॅनफिकमध्येच सापडणार. आणि डॉयलसाहेबांनी १८९३ मध्ये होम्सला मारला तो थेट १९०३ मध्ये परत आणला. आजच्या वाचकांनी त्याच आठवड्यात पन्नास फिक्स-इट (मूळ कथेतलं दुःख दुरुस्त करणाऱ्या फिक) लिहून टाकल्या असत्या. जाता जाता, एओथ्रीला २०१९ चा ह्युगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा नावाजलेला पुरस्कार मिळालाय.

जुनापुराणा

बरं. ह्युगोचं माहीत नव्हतं. कपाच्या तपासाचा दुवा मलाही धाडा.

सांजवेळ

मी या प्रसंगात पलीकडच्या बाजूला होते, आईच्या वेळी. कथा कोणती यापेक्षा ती हातात कशी येते यावर मला बोलायचंय.

लोक प्रेमाने याद्या पाठवायचे. 'या वीस वाचच.' मी उघडतच नसे. न वाचलेला प्रत्येक दुवा म्हणजे आणखी एक उधारी वाटायची, आधीच न दिलेल्या उत्तरांचा डोंगर होता. एका मित्राने मात्र वेगळं केलं. एकच दुवा, आणि सोबत एवढंच: "दहा मिनिटं. कोणी मरत नाही. शेवटी दोघं भांडण मिटवून फिरायला जातात. उत्तर देऊ नकोस." मी ती वाचली. शेवट आधीच कळला म्हणून मजा गेली का? छे, कळला म्हणूनच सुरुवात करू शकले. त्या दिवसांत मला 'पुढे काय होणार' हे कुठूनही नको होतं, कथेतूनसुद्धा नाही.

त्याने "वाचलंस का?" असं कधीच विचारलं नाही, मी गप्प असले तरी अधूनमधून पुढचा दुवा येत राहिला. तुम्हीही विचारू नका. ती आपणहून "शेवटचा शब्द ओळखला!" म्हणाली तर गोष्ट वेगळी.

आणि 'ही वाचून तुला बरं वाटेल' हे वाक्य कृपया लिहू नका. नाही वाटलं तर त्याचंही ओझं होतं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवेळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काल फिल्टर लावून बसले. आजाराचे टॅग वगळल्यावर यादी बरीच आटली, पण उरलेलं छान आहे. एक २२१बी मिळाली, होम्स छत्री हरवतो आणि कबूल करत नाही, अशी. तिच्यापासून सुरुवात करेन. दुसरी निवृत्तीनंतरची वाटतेय. मूळ कथांतही होम्स ससेक्सला मधमाश्या पाळतो, त्यामुळे तिला परकं वाटणार नाही. वॉटसन भेटायला येतो, मधमाश्या चावतात, इतकंच. चालेल ना?

अर्धचंद्र

छत्री उत्तम. निवृत्तीवाल्या कथांमध्ये जरा जपून. त्या प्रकारात म्हातारपण, विसरभोळेपणा, 'आता किती उरलंय' हे सूर हळूच शिरतात, आणि त्यासाठी टॅग क्वचितच असतो. ओळ न् ओळ वाचलीत आणि तसं काही नसेल तर द्या. शंका वाटली तर सध्या बाजूला ठेवा, कथा कुठे पळून जात नाही.

उनाडपाखरू

डोळे थकले असतील तर पॉडफिक शोधा, म्हणजे चाहत्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या फिक. एका कानात इअरफोन, दुसरा कान वडिलांकडे.

तांत्रिक बाब: काही कथा फक्त खातं असलेल्यांनाच दिसतात. तुम्ही लॉग-इन असता म्हणून तुम्हाला कळत नाही, तिला मात्र कथेऐवजी लॉग-इनचं पान दिसेल. दुवा आधी इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा. नाहीतर कथेच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं, तिथून ईपब किंवा पीडीएफ घेऊन फाइलच पाठवा. रेंज नसली तरी उघडते. शिवाय कथेच्या पानावरच्या एखाद्या टॅगवर बोट पडून ती भलत्या अँगस्टमध्ये जाऊन पडायची भीती नाही. कथा आवडली तर कुडोज द्यायला खातं लागत नाही, ते तुम्हीच देऊन टाका, लेखकालाही बरं वाटतं.

निळीशाई

हे लॉग-इनचं लक्षात आलंच नसतं. तपासलं, मधमाश्यावाली नेमकी कुलूपबंद निघाली. तशीही ती परत वाचली तर शेवटी वॉटसनचे गुडघे आणि जिने असा एक परिच्छेद आहे, म्हणून ती राहू दे.

छत्रीची ईपब पाठवली. सोबत "दीड मिनिट. छत्री सापडते. उत्तर नको." एवढंच. पुढच्यासाठी कपाचा तपास काढून ठेवलाय. जुनापुराणा, तुमचा दुवा व्यनित टाकलाय.