भुयारी गटाराची पट्टी वाढतेय, हरकत घ्यायची तर नेमकी कशावर?

किनाऱ्यावरचा:
मंडळी, आमच्या नगरपरिषदेने नोटीस लावलीय, मलनिस्सारण पट्टी वर्षाला ६०० ची १४०० करणार म्हणे, सरसकट प्रत्येक घराला. घरपट्टी नळपट्टी वेगळी आहेच. हरकती महिनाअखेरपर्यंत लेखी. आता वाढ अजिबातच नको असं माझं म्हणणं नाही, पण आमच्या शेजारी आठ खोल्यांचा होमस्टे आहे, मे महिन्यात तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, आणि पलीकडे एक आजी एकट्याच राहतात, दोघांना १४००च! हे कुठलं गणित? नुसतं "आमचा विरोध आहे" लिहून काही होतं का?

माडाबुडचो:
तुमच्याकडे जोडणी तरी असा. आमच्या वाडीत रस्तो खणलो, पाईप घातले, चेंबरची झाकणा रस्त्याच्या वर वीतभर इली, रातच्याक स्कूटर घेवन गेलास तर दात पडतले. पण घरातलो पाईप त्या चेंबराक कोणी जोडूनच दिलो नाय. पट्टी मात्र न चुकता येतली. आधी जोडणी द्या, मगे काय ते १४०० मागा.

पंपावरचा निवृत्त:
मी पंप हाऊसवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, खर्च खोटा नाही. किनाऱ्यालगत जमीन सपाट, उतार मिळत नाही, त्यामुळे मैलापाणी आपसूक वाहत शुद्धीकरणाच्या प्लँटपर्यंत जात नाही, मधे विहीर बांधून पंपाने उचलावं लागतं. योजना बांधायला वरून अनुदान येतं, चालवायचं मात्र गावाने. लाईट बिल, ऑपरेटरचे पगार, पंपाचं रिवाइंडिंग, आणि पावसात लाईट गेली की जनरेटरचं डिझेल, ती तर जातेच.
पण हरकतीत एक लिहाच. पावसात आमचे पंप उन्हाळ्याच्या कितीतरी जास्त चालायचे, का? लोकांनी पागोळ्यांचे पाईप आणि अंगणातलं पाणी बिनधास्त चेंबरला जोडलेलं. पंपाला काय कळतंय हे आभाळातलं की संडासातलं, तो उपसतो आणि बिल सगळ्यांच्या नावावर. ती जोडण्या तोडायची मोहीम आधी घ्या म्हणावं.

किनाऱ्यावरचा:
@पंपावरचा निवृत्त काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग नळाच्या मीटरवर पट्टी लावा असं सुचवू का? जेवढं पाणी तेवढी पट्टी.

पंपावरचा निवृत्त:
हिशोबाला बरोबर आहे, डिझाइन करतानाही माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात असंच धरतात. पण आपल्याकडे फसेल. तुमचा होमस्टेवाला नळाचं पाणी वापरतोय कशाला, त्याची परसात विहीर आहे, वर टाकी, दिवसभर मोटर. मीटर आजीचा फिरेल, त्याचा नाही. त्यापेक्षा संडास किती ते मोजा आणि निवासी, व्यावसायिक असे दोन दर मागा.

परड्यातली काकू:
सगळे विरोधच करताय म्हणून लिहिते. मला गटार हवंय, पैसे भरायचीही तयारी आहे. आमच्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं तर पिण्यास अयोग्य असा रिपोर्ट आला. जांभ्याची जमीन, शोषखड्ड्यातलं सगळं झिरपतं. नियमाने शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर तरी लांब हवा, आमचं अख्खं परडं तेवढं नाही आणि शेजाऱ्यांच्या संडासाच्या टाक्या तर कुंपणाला लागून! पावसात टाकी तुंबली की सक्शन गाडी बोलवा, तिचा पाईप आमच्या पाणंदीत पोचत नाही, मग कोणीतरी म्हणतं माणूस उतरवू. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे हो, जीव जातात त्यात.

घाटावरची सून:
काकू, माझं माहेर वाईचं. वाई आणि सिन्नरला नगरपरिषदच गल्ली धरून पाळीपाळीने टाक्या उपसते, साधारण तीन वर्षांनी प्रत्येक घराची पाळी, आणि तो मैला प्लँटवर जातो, ओढ्यात नाही. टाकी भरायची वाट बघायची नाही. जोडणी नसलेल्या वाड्यांना निदान एवढं द्या आणि त्याचेच पैसे घ्या, असं मागता येईल.

माडाबुडचो:
ह्या पटला. आणि चाकरमान्यांचा काय? आमच्या भावाचा घर गणपतीक आणि शिमग्याक उघडता, बाकी कुलूप.

पंपावरचा निवृत्त:
बंद घराला थोडी पट्टी लागणारच, लाईन तर त्याच्या दारात आहे. पण निम्मी मागा, बघू काय म्हणतात.
@किनाऱ्यावरचा, हरकत मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्जही टाका: मागच्या तीन वर्षांत या पट्टीचे किती जमले, लाईट बिल महिनावार किती, थकबाकी कोणाकडे. उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा हरकत त्याच्यासाठी अडवून ठेवू नका, सुनावणीत तोंडी मागा.

किनाऱ्यावरचा:
आज रात्री मसुदा लिहून इथेच टाकतो. थकबाकीचं कलम काकू तुम्ही वाचून बघा, त्यात आमच्या आळीतली दोन नावं निघाली तर मला चहा बंद होईल 😄