जटलंडच्या बॅटलक्रूझर: पातळ चिलखताने फुटल्या की तोफेच्या दारूच्या पिशव्यांनी?

गलबत (धागाकर्ता)

जटलंडवर (पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांची उत्तर समुद्रातली लढाई) लिहिणारे बरेच लेखक आधी एक तक्ता मांडतात. पट्ट्याची (जहाजाच्या कडेच्या चिलखताची) जाडी, तोफेचा व्यास, वेग. ब्रिटिश इन्व्हिन्सिबल आणि इन्डिफॅटिगेबल ६ इंच, क्वीन मेरी ९ इंच, जर्मन सायडलिट्झ ३०० मिमी. मग निष्कर्ष ठरलेला: ब्रिटिश नौदलप्रमुख फिशरने वेगापायी चिलखत कापलं, म्हणून ३१ मे १९१६ रोजी तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या, वेगवान, पण चिलखत कमी असलेल्या युद्धनौका) फुटल्या आणि तीन हजारांहून जास्त माणसं गेली.

मला हे साप साप म्हणून भुई धोपटणं वाटतं. तक्त्याऐवजी दारूची वाट बघा. १३.५ इंची तोफेच्या एका बाराला २९७ पाउंड कॉर्डाइट (तोफेची धूररहित दारू) लागायचं, चार रेशमी पिशव्यांत विभागलेलं. पेटायला सोपं जावं म्हणून पिशवीला काळ्या दारूची पुडी लावलेली. पिशवी कोठारातून हाताळणी-खोलीत, तिथून पाळण्याने (लिफ्टने) वर, बुरुजाखालच्या कार्यकक्षात, तिथून तोफेपाशी. प्रत्येक टप्प्यावर दार किंवा झाकण, म्हणजे ज्वाळा खाली उतरू नये. पण जानेवारी १९१५ च्या डॉगर बँकेच्या लढाईनंतर ब्रिटिश बॅटलक्रूझरांनी धडा घेतला तो ‘अजून भराभर बार काढा’ असा. मग कोठाराची दारं उघडी, पिशव्या धातूच्या पेट्यांतून आधीच बाहेर काढून रचलेल्या. अशा बुरुजावर (तोफांच्या फिरत्या चिलखती घरावर) गोळा बसला की चिलखत ६ इंच असो वा ९, आग सरळ तळाशी.

पुरावा लायन या ब्रिटिश बॅटलक्रूझरचा. जटलंडला दुपारी चारच्या सुमारास तिच्या क्यू (मधल्या) बुरुजाच्या समोरच्या आणि छताच्या पत्र्यांच्या सांध्यावर गोळा बसून आत फुटला. बुरुजाचे अधिकारी मेजर हार्वे यांनी मरता मरता कोठारात पाणी सोडायला सांगितलं. अर्ध्या तासाने कार्यकक्षातल्या पिशव्या पेटल्या, ज्वाळा पाळण्याच्या वाटेने खाली उतरली, खालची माणसं गेली, तरी जहाज वाचलं. कारण दारं बंद होती आणि कोठार भिजलेलं होतं. तिथले मुख्य गनर ग्रँट यांनी आधीच शिस्त लावली होती: लागेल तेवढीच दारू बाहेर, बाकी पेटीबंद.

पोलादी

सहमत नाही. लायन हे एकच उदाहरण, आणि तेही वाचलेल्या जहाजाचं. वाचलेल्यावरून बुडालेल्याचं निदान करायचं ही कसली रीत? क्वीन मेरीवरची १,२६६ माणसं गेली, वाचली जेमतेम वीसेक. तिच्या कोठाराची दारं उघडी होती हे कुणी पाहिलं?

तक्ता फेकून देऊ नका. ज्वाळा तळाशी जायला आधी गोळा आत शिरावा लागतो. इन्व्हिन्सिबलचे बुरूज ७ इंची. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास क्यू बुरुजाचं छप्पर उडालेलं दिसलं, मग मधली कोठारं गेली आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. वाचले ६. बुरूज फोडूच दिला नसता तर पिशव्यांचा प्रश्नच आला नसता. हे जहाज क्रूझरांचा पाठलाग करण्यासाठी बांधलेलं, ड्रेडनॉटांच्या (जाड चिलखताच्या मोठ्या युद्धनौकांच्या) रांगेत उभं राहायला नव्हे.

गलबत

‘आत शिरला म्हणजे फुटलंच’ या गृहीतकालाच सायडलिट्झ छेद देते. डॉगर बँकेला लायनच्या गोळ्याने तिच्या मागच्या बुरुजात आग लागली. जीव वाचवायला माणसांनी मधलं दार उघडलं आणि आग शेजारच्या बुरुजात गेली. सुमारे ६ टन दारू जळाली, १५९ माणसं गेली, दोन्ही बुरूज कोळसा. फुटली नाही. जटलंडला जर्मन डर्फ्लिंगरचे मागचे दोन बुरूज असेच जळून गेले, तीही घरी पोचली. चिलखत भेदलं गेलं, आग लागली, तरी स्फोट नाही. याचं उत्तर जाडीच्या तक्त्यात नाही.

बारकावे

इथे दोघेही एक गोष्ट विसरताय: दारू दोन्हीकडची सारखी नव्हती. ब्रिटिश कॉर्डाइटच्या एमडी या प्रकारात ३० टक्के नायट्रोग्लिसरीन, ६५ टक्के गनकॉटन (स्फोटक कापूस), ५ टक्के व्हॅसलीन, आणि वेष्टन रेशमाचं. जर्मन मुख्य बार पितळी नळकांड्यात, फक्त पुढचा छोटा भाग पिशवीत. पितळेमुळे एक पेटला की शेजारचे एकदम पेटत नाहीत, एकामागून एक जळतात. म्हणजे दाब हळूहळू वाढतो आणि बाहेर पडायला वाट मिळते. सगळं एकदम पेटलं तर बंद कोठारात दाबाला वाटच नसते, तो जहाज फाडतो. हळू जळणाऱ्या आगीतही बुरुजातली माणसं मरतात, पण जहाज उरतं.

कॉर्डाइटच्या स्वभावाला लढाईची गरजही नव्हती. ब्रिटिश युद्धनौका बुलवर्क नोव्हेंबर १९१४ ला नांगरावर उडाली, व्हॅनगार्ड जुलै १९१७ ला ताफ्याच्या स्कापा फ्लो तळावर. शत्रूचा गोळा कुठेच नाही. नुसत्या हाताळणीवर खापर फोडलं की रसायनशास्त्र सुटतं.

पोलादी

हे मान्य. पण मग जर्मन जहाजांशी तुलना करताना ब्रिटिश गोळ्यांचाही हिशोब मांडा. लिडाइट हे स्फोटक भरलेला चिलखतभेदी गोळा तिरका बसला की पत्र्यावरच फुटायचा किंवा तुकडे व्हायचा. सुधारित गोळे आले तेव्हा १९१८ उजाडलं. जर्मन कोठारांपर्यंत चांगले गोळे पोचलेच नाहीत, आणि आपण म्हणतो त्यांची दारू शहाणी!

गलबत

डर्फ्लिंगरला बसलेले गोळे आत पोचलेच होते, नाहीतर बुरूज जळाले नसते. तुमचा मुद्दा एकूण हानीला लागू आहे, या दोन बुरुजांना नाही.

तळटीप

कोणत्या कागदावर विसंबायचं ते आधी ठरवा. लढाईनंतर ताफ्यातल्या अधिकाऱ्यांचा जोर चिलखतावर होता. ब्रिटिश नौदलाचे जहाजबांधणी-संचालक डेन्कोर्ट म्हणत होते की दोष दारूच्या हाताळणीत. हाताळणीचा दोष मान्य केला तर तो ताफ्याचा, चिलखताचा केला तर डेन्कोर्ट यांच्या खात्याचा. दोघांनीही साक्ष दिली ती स्वतःच्याच खटल्यात. शेवटी कोठारांवर जादा पत्रा आणि ज्वाळारोधक दारं, दोन्ही बसवली गेली. त्यामुळे नंतरच्या दुरुस्तीवरून आधीचं कारण ताडता येत नाही. इन्डिफॅटिगेबलही तशीच: आधी मागे गोळे बसून ती रांगेबाहेर ढळली, मग पुढच्या बाजूला बसले आणि काही सेकंदांनी ती फुटली. हा अवधी ‘आग उतरली’ म्हणूनही वाचता येतो आणि ‘गोळा खोल शिरला’ म्हणूनही. ज्या लेखकाला दोनपैकी एकच वाचन दिसतं त्याच्या पुस्तकाचा जटलंडवरचा भाग मी बाजूला ठेवतो, तक्ता कितीही सुबक असो.

पोलादी

आणि १९४१ मध्ये फुटलेली ब्रिटिश बॅटलक्रूझर हूड? १२ इंची पट्टा, ज्वाळारोधक दारं, सुधारित शिस्त, तरी १,४१८ पैकी ३ वाचले.

गलबत

हूडचा पेच वेगळा आहे. तिथे मुख्य संशय मागच्या ४ इंची तोफांच्या कोठारावर आहे, आणि प्रश्न गोळा डेकमधून शिरला की पट्ट्यातून हा. इथे मिसळू नका, त्यासाठी नवा धागा काढा.