झेडरॅम लावलं, तरी पाचव्या तासाला मशिनं अडतात

लॅबचे_सर

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये 11 जुनी मशिनं आहेत. ड्युअल कोअर, 4 जीबी रॅम, फिरती 500 जीबीची डिस्क. सगळ्यांवर डेबियन 12 लिनक्स, कर्नल (सिस्टिमचा गाभा) 6.1. नवीन रॅम घ्यायला या वर्षी पैसे नाहीत, म्हणून जूनमध्ये मी सगळीकडे झेडरॅम लावलं, म्हणजे रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा स्वॅप (रॅम कमी पडली की डेटा तात्पुरता हलवायची जागा). रॅमच्या 50 टक्के, म्हणजे 2 जीबीच्या आसपास, एलझेड4 (दाबण्याची पद्धत), प्रायॉरिटी 100. डिस्कवरचा 4 जीबीचा जुना स्वॅप तसाच राहू दिला, म्हटलं असू दे आधाराला.

सकाळी पहिल्या तासाला आठवीची मुलं बसतात तेव्हा मशीन छान चालतं. फायरफॉक्समध्ये स्क्रॅच, बाजूला जिओजेब्रा, काही अडचण नाही. पाचव्या तासाला नववी येते आणि तिथून रडगाणं सुरू. एक टॅब बदलला की 8-10 सेकंद काही हलत नाही, डिस्कचा दिवा विझत नाही. मुलं माउस आपटायला लागतात. 35 मिनिटांच्या तासात 10 मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच मुलांना घरी कॉम्प्युटर नाही.

7 नंबरच्या मशीनवर काल दुपारी आकडे उतरवून घेतले. झेडरॅम पूर्ण भरलेलं. डिस्कचा स्वॅप 700 एमबी वापरलेला. एमएम_स्टॅटमध्ये (झेडरॅमच्या आकड्यांची फाइल) मूळ डेटा 1.9 जीबी, कॉम्प्रेस होऊन 590 एमबी, प्रत्यक्ष अडवलेली रॅम 615 एमबी. म्हणजे तिपटीहून चांगलं दाबलं जातंय! मग अडतंय कुठं?

गिरणगाव_रूट

स्वॅपिनेस, म्हणजे कर्नल स्वॅप किती सढळ वापरतो तो आकडा, 60 असेल. 10 करा. कर्नल स्वॅपला कमी हात लावेल.

लॅबचे_सर

दोन मशीनवर करून बघितलं. उलट बिघडलं. फायरफॉक्स उघडायलाच वेळ लागायला लागला.

पेजटेबल

सर, आकडे दिलेत ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

आधी स्वॅपिनेसचं. रॅम कमी पडली की कर्नलला दोनच प्रकारची पेजं (रॅमचे 4 केबीचे तुकडे) बाजूला काढता येतात: प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा, जो स्वॅपमध्ये जातो, आणि फाइलवरून वाचलेली पेजं, जी नुसती टाकून दिली तरी डिस्कवरून परत वाचता येतात. स्वॅपिनेस 10 केलं की कर्नल दुसऱ्या प्रकारावर तुटून पडतो. त्यात फायरफॉक्सचा आणि त्याच्या लायब्ररींचा कोडही आला. तो पुन्हा पुन्हा फिरत्या डिस्कवरून वाचायचा, म्हणजे एकेका वाचनाला 10 मिलीसेकंद. दाबलेलं 4 केबीचं पेज रॅममध्येच उलगडायला मायक्रोसेकंद लागतात. स्वॅप रॅममध्येच असेल तर हा आकडा वाढवायचा असतो. कर्नल 5.8 पासून तो 200 पर्यंत नेता येतो, तो याचसाठी.

आता खरं दुखणं. तुमचे दोन स्वॅप आहेत. कर्नल जास्त प्रायॉरिटीचा आधी भरतो, तो भरला की मगच दुसऱ्याकडे वळतो. आणि सगळ्यात आधी बाहेर काय जातं? ज्याला बराच वेळ कुणी हात लावला नाही ते. सकाळपासून नुसती बसून राहिलेली अपडेटची सेवा, आठवीच्या मुलांनी न मिटलेले टॅब. ते झेडरॅममध्ये जाऊन बसतं आणि कुणी मागितलं नाही तर दिवसभर तिथून उठत नाही. दुपारी झेडरॅम भरलेलं असतं. नववीचा मुलगा दोन टॅबमध्ये ये-जा करतो, तेव्हा त्याची ताजी, आत्ता लागणारी पेजं जातात डिस्कवर. घराचा माळा जुन्या अडगळीनं भरून गेला आणि रोजची भांडी परसातल्या खोलीत ठेवायची वेळ आली, तसं झालंय. प्रत्येक वेळी भांड्यासाठी परसात पळा.

तुमचे 700 एमबी म्हणजे ती भांडी. झेडरॅम आपणहून जुनी पेजं खालच्या स्वॅपकडे ढकलत नाही. त्याला तो दुसरा स्वॅप ठाऊकच नसतो.

गिरणगाव_रूट

पटलं. मग डिस्कचा स्वॅप काढूनच टाका आणि झेडरॅम 4 जीबी करा. तो आकडा दाबण्याआधीच्या डेटाचा असतो, तेवढी रॅम आधीच अडत नाही. तिपटीनं दबत असेल तर बसेल.

लॅबचे_सर

ते मनात आलं होतं, पण धीर होत नाही. रॅम खरंच संपली की कर्नल एखादा प्रोग्रॅम मारतो, आणि तो बहुतेक मोठाच निवडतो. मुलांनी तासभर खपून केलेलं प्रेझेंटेशन सेव्ह न करता उघडं असतं. एकदा हे झालंय, ती मुलगी रडली होती. हळू चालेल, पण काम जाता कामा नये.

शिवाय फोटो उघडले की दाबण्याचं प्रमाण घसरतं. मागच्या गुरुवारी गिंपचा तास होता, तेव्हा एमएम_स्टॅटमधला न दबणाऱ्या पेजांचा आकडा बराच वर गेला होता.

पेजटेबल

मग तुमच्यासाठी झेडस्वॅप. ते स्वतंत्र स्वॅप नाही, डिस्कच्या स्वॅपच्या तोंडाशी बसलेला दाबलेला साठा आहे. आधी सगळं तिथं थांबतं. साठा भरला की सगळ्यात जुनं पेज उलगडून डिस्कवर लिहितं आणि नव्याला जागा देतं. अडगळ परसात, भांडी घरात.

पण एक खाच आहे, म्हणून तुमचा कर्नल 6.1 आहे हे महत्त्वाचं. नेटवर सगळे सांगतात की साठ्यातली जागा सांभाळायला झेडएसमॅलॉक निवडा, कारण ते सगळ्यात दाटीनं भरतं. खरं आहे. मात्र 6.1 मध्ये झेडएसमॅलॉकला जुनं पेज डिस्कवर ढकलता येत नाही, ती सोय पुढच्या कर्नलमध्ये आली. साठा भरला की नवीन पेज आत न घेता थेट डिस्कवर जाईल, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. 6.1 वर त्याच कामाचं साधं झेडबड ठेवा. ते एका पेजच्या जागेत जास्तीत जास्त दोन दाबलेली पेजं ठेवतं, तुमचं तिप्पट प्रमाण दुपटीच्या आत येईल. ते नुकसान सोसा.

झेडरॅमची सेवा बंद करून मशीन रीस्टार्ट करा. चालू मशीनवर स्वॅपऑफ (स्वॅप बंद करायची कमांड) करू नका, 1.9 जीबी एका दमात उलगडायला जागा लागेल आणि मशीन तिथंच बसेल. डिस्कचा 4 जीबी स्वॅप हवाच, झेडस्वॅपमधल्या प्रत्येक पेजसाठी तिथं एक जागा राखलेली असते. साठ्याची मर्यादा रॅमच्या 20 टक्के आहे, तूर्त तीच असू द्या. आणि दोन्ही एकत्र लावू नका, झेडस्वॅपनं दाबलेलं पुढे झेडरॅममध्ये जायचं म्हटलं तर उलगडून परत दाबावं लागतं.

लॅबचे_सर

आठ दिवसांनी लिहितोय. 7 आणि 3 नंबरवर बदल केला, बाकीची तशीच ठेवली, म्हणजे शेजारी शेजारी बघता येईल.

7 नंबर, काल पाचवा तास: झेडस्वॅपचा साठा 745 एमबी, म्हणजे मर्यादेला टेकलेला. आत 3,40,000 पेजं, डिस्कवर ढकललेली 61,000. टॅब बदलायला 2 सेकंद, कधी त्याहून कमी. 6 नंबरवर अजून तेच 8-10. सुरुवातीला फ्री कमांडमध्ये डिस्कचा स्वॅप 1.5 जीबी वापरलेला बघून पोटात गोळा आला, मग तुमचं राखीव जागेचं वाक्य आठवलं. त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात रॅममध्येच आहे.

एक अडलं. बूटच्या ओळीत एलझेड4 दिलं होतं, पण चालू एलझेडओ (दाबण्याची दुसरी पद्धत) दिसतंय.

पेजटेबल

डेबियनमध्ये एलझेड4 हे कर्नलचं वेगळं लोड होणारं मॉड्यूल आहे, आणि बूट होताना झेडस्वॅप जागा होतो तेव्हा ते लोड झालेलं नसतं. म्हणून तो मूळच्या एलझेडओवर जातो. इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी इमेज) मॉड्यूलच्या यादीत एलझेड4 घालून ती इमेज पुन्हा बनवा. पण झेडबडवर तुम्हाला फरक जाणवेल असं वाटत नाही.

लॅबचे_सर

मग एलझेडओच राहू दे. उरलेली नऊ मशिनं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर करतो, दहावीची दोन मुलं मदतीला थांबणार आहेत. 6 नंबर त्यांच्याच हातून करून घेतो.