मुलगा अकरावीपासून बाबांकडे पुण्याला राहायचं म्हणतोय, कोर्टाची ऑर्डर बदलावी लागेल का?

कारेलीबाग_आई
नमस्कार. आम्ही बडोद्याचे, घरात मी, माझी आई आणि मुलगा. तो लहान असतानाच आमचा म्युच्युअल डिव्होर्स झाला, इथल्याच फॅमिली कोर्टात. कस्टडी माझ्याकडे, बाबांना महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि सुट्टीतले अर्धे दिवस असं टर्म्समध्ये आहे, मुलासाठी दर महिन्याची रक्कम पण त्यातच लिहिलीय आणि ती ते नेमाने भरतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता ते पुण्याला असतात.

मुलाला सोळावं लागेल आता. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच रात्री जेवताना म्हणाला, आई मला अकरावी-बारावी बाबांकडे करायचीय. चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाला म्हणून जास्त लागलं मला. कारण विचारलं तर म्हणे बाबा मला फक्त सुट्टीतले माहितीयत, ऑफिसातून दमून आल्यावर ते कसे असतात ते मी कधी बघितलंच नाही. यावर मी काय बोलणार. माझी आई तेव्हापासून नीट जेवत नाहीये, तिचं म्हणणं की वाढवलं आपण आणि आता तिकडे पाठवायचं.

मला अडवायचं नाहीये त्याला, पण घाईत काहीतरी होऊन बसेल अशी भीती वाटते. ऑर्डर बदलावीच लागते का, की दोघांनी सह्या करून नोटरी केली तरी चालतं? कोर्ट त्याचं ऐकेल का? आणि चार महिन्यांत नाही जमलं तर तो परत येऊ शकेल ना?

मांजलपूरकर
ताई, पाच वर्षांनंतर मूल कायद्याने वडिलांचंच असतं, आणि या वयात मुलाला बाप जवळ हवाच. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करा आणि पाठवा, कोर्टात कशाला जाताय, तारखांवर तारखा पडतील.

वकीलबेन_बडोदा
मांजलपूरकर, राग मानू नका पण हे पाच वर्षांचं सगळीकडे चुकीचं सांगितलं जातं आणि लोक त्यावर निर्णय घेतात म्हणून लिहिते. 1956 च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालची मुलं) व पालकत्व कायद्यात इतकंच आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. पाच झाली की मूल आपोआप वडिलांकडे जातं असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये मुलाचं हित सगळ्यात वरचं ठेवलंय, आई मोठी की बाप मोठा हा प्रश्नच नाही तिथे.

आता ताई तुमचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 नेमकं अशाच वेळेसाठी आहे, घटस्फोटाची डिक्री, म्हणजे निकाल, झाल्यावरसुद्धा मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण याबद्दलची ऑर्डर अर्ज करून बदलून घेता येते, आणि शक्य असेल तिथे मुलांची इच्छा बघून ठरवावं असं त्या कलमातच लिहिलंय. कस्टडीची ऑर्डर दगडावरची रेघ नसते, मुलाच्या गरजा बदलल्या की ती बदलू शकते हे सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच रोझी जेकबच्या केसमध्ये सांगितलंय.

त्याचं ऐकतील का तर हो, ऐकतील. बारा वर्षांनंतर मूल स्वतः ठरवतं असं जे म्हणतात तसा आकडा कायद्यात नाही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा 1890 चा, त्याच्या कलम 17 मध्ये आहे की मूल विचार करून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ती पसंती लक्षात घेऊ शकतं. सोळाच्या मुलाचं म्हणणं वजनदार असतं, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. जज बहुतेक वेळा चेंबरमध्ये त्याच्याशी एकट्याशी बोलतात आणि का जायचंय हे विचारतात, पढवून आणलेलं मूल लगेच कळतं. तुमच्या मुलाने तुम्हाला जे कारण सांगितलं तेच तिथे सांगितलं तर पुरे.

नोटरीवर भागवू नका, कितीही चांगले संबंध असले तरी. नोटरीच्या कागदाने कोर्टाची ऑर्डर बदलत नाही. म्हणजे मुलगा तिकडे राहणार आणि कागदावर मात्र त्यांनी दर महिन्याला तुम्हाला पैसे द्यायचे, मग एक दिवस ते थांबवणार, आणि दोन वर्षांनी थकबाकी आहे की नाही यावर वाद. दुसरं म्हणजे तो पुण्यात स्थिरावला आणि नंतर बिनसलं, नवीन अर्ज गार्डियन्स अँड वॉर्ड्सखाली करायची वेळ आली, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं. मग तारखांसाठी पुण्याच्या फेऱ्या तुम्हाला.

सहमतीने केलं तर तारखांचा एवढा त्रास होत नाही, भांडून केलं तर होतो. टर्म्समध्ये खर्च कोण किती करणार, तुमची भेट आणि सुट्ट्या, शाळेचे रिपोर्ट दोघांना मिळतील, आजारपणात दोघांना विचारायचं हे सगळं साध्या भाषेत लिहा. आणि एका टर्मनंतर मुलाला परत यायचं असेल तर दोघंही अडवणार नाही हे वाक्य नक्की घाला. अठरा झाल्यावर कस्टडी हा विषयच उरत नाही, म्हणजे प्रश्न दोन-अडीच वर्षांचाच आहे.

रावपुऱ्याची_मुलगी
मी त्या मुलाच्या जागी होते म्हणून लिहितेय. नववीत असताना आईकडून पप्पांकडे गेले, दोघंही बडोद्यातच होते तरी कोर्टातून झालं. जजबाईंनी आधी शाळेचं विचारलं, मैत्रिणी कोण, सकाळी कोण उठवतं, आणि मग हळूच मुद्द्यावर आल्या. भीती नाही वाटली.

त्रास झाला तो नंतर. आईकडे गेले की आजी विचारणार काय जेवतेस, घरात कोण येतं जातं, आणि पप्पांकडे परत आले की आत्या तेच विचारणार. मी दोन्ही घरची बातमीदार झाले होते. आईने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हिला तिथलं काही विचारायचं नाही, तेव्हा सुटका झाली माझी. काकू, तुमच्या आईंशी तो जायच्या आधी बोला, त्यांचं दुःख खरं आहे पण ते त्याने सोबत न्यायला नको. आणि त्याला फक्त इतकंच सांगा की तू जातोयस म्हणून मी रागावले नाही. मुलांना ते आपोआप कळत नाही, मला तरी कळलं नव्हतं.

शिक्षक_अलकापुरी
अॅडमिशनचं बघून ठेवा. पुण्यात अकरावी ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होते, दहावी दुसऱ्या राज्यातून केल्याचं फॉर्ममध्ये भरावं लागतं, इथल्या शाळेचं लीविंग सर्टिफिकेट वेळेत काढा. आणि इंजिनिअरिंग-मेडिकलचा विचार असेल तर स्टेट कोट्यात दहावी-बारावी कुठून केली आणि डोमिसाइल कुठलं हे बघतात, दहावी गुजरातची आणि बारावी महाराष्ट्राची असं झालं तर दोन्हीकडे अडकू नये म्हणून आत्ताच चौकशी करा. त्याला शेजारी बसवून करा, त्यालाही कळू दे काय काय बदलतंय.

कारेलीबाग_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण पूर्ण ऐकलं. कोट्याचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं, मुलगा आत्ता तेच शोधत बसलाय. त्याच्या बाबांशी आज बोलते. वकीलबेन, आधी दोघांनी टर्म्स ठरवायच्या की आधी अर्ज? आणि त्यांना पुण्याहून यावं लागेल ना?

वकीलबेन_बडोदा
आधी टर्म्स, मग अर्ज, आणि अर्जासोबतच दोघांच्या सह्यांची पुरसिस, म्हणजे हे आम्हाला मान्य आहे असं कोर्टाला लेखी देणं. सह्या ओळखायला आणि जजसाहेबांनी विचारलं तर उत्तर द्यायला त्यांना यावं लागेल असं धरून चाला, मुलालाही त्याच दिवशी न्या. जुन्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी नसेल तर ती उद्याच मागवा, वेळ त्यातच जातो, आणि मेमध्ये कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते.