उत्तर एका शब्दात संपवू नका

एखादी गोष्ट कशी झाली हे इंग्रजीत विचारायला 'हाऊ डिड इट गो?' पाठ करा असं सांगतात, ते योग्यच आहे. फक्त 'डिड' आलं की क्रियापद मूळ रूपात राहतं, म्हणून 'डिड इट वेंट' नको. 'वेंट' येतं ते उत्तरात: 'इट वेंट वेल'.

हा प्रश्न मुलाखत, परीक्षा, प्रेझेंटेशन अशा आपण स्वतः पार पाडलेल्या गोष्टींना शोभतो. पाहिलेल्या-ऐकलेल्या कार्यक्रमाला साधं 'हाऊ वॉज' बरं. डिसेंबरात, पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवानंतर, हिंजवडीच्या ऑफिसात कुणी 'हाऊ वॉज सवाई?' विचारलं, तर 'गुड' म्हणून थांबू नका. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, व्याकरणात नाही. 'इट वॉज लव्हली. द लास्ट सिंगर वॉज द बेस्ट. हॅव यू एव्हर बीन?' एवढ्यानेही गप्पा पुढे सरकतात. सवाईबद्दल मराठीत आपण तासभर बोलतो, मग इंग्रजीत तिसरं वाक्य तरी येऊ द्या!

'व्हॉट वॉज इट लाइक?' मध्ये आवड नाही, वर्णन विचारलेलं असतं. 'क्राउडेड, बट वेल ऑर्गनाइज्ड' हे चांगलं उत्तर. आणि 'हाऊ डिड इट गो?' विचारलं नि मनासारखं झालं नसेल, तर 'नॉट ॲज वेल ॲज आय होप्ड' असं मोकळेपणाने सांगा.